आचारसंहितेच्या आधी भरायची वही

अडचणीतलं सरकार अस्मितेचे विषय काढून लक्ष कसं वळवतं हे टिपायचं असेल, तर निवडणूक सहा महिन्यांवर आली की दोनशे पानी वही आणा. डाव्या पानावर तारीख टाकून सरकारने काढलेला अस्मितेचा विषय लिहायचा: धर्म, भाषा, झेंडा, नामांतर, जे असेल ते. उजव्या पानावर त्याच आठवड्यात सरकारची अडचण करणारी बातमी लिहायची: पडलेला भाव, फुटलेला पेपर, ठेकेदारांची थकलेली बिलं. बातमीपुढे कंसात ‘केंद्र’ की ‘राज्य’ हे नक्की टाका, नाहीतर एकाचं पाप दुसऱ्याच्या खात्यावर जातं. आपलं मत वहीत लिहायचं नाही. ते मतदान केंद्रात.

मी तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. राजकारणातलं मला फार कळतं असं नाही, पण कागद कळतो. त्यामुळे ही रीत सगळी कागदाची आहे.

पहिलं पथ्य म्हणजे विषयावर भांडायला बसायचं नाही. अडचणीतल्या सरकारला तेच हवं असतं. गाय मोठी की नाही यावर घरात दोन तट पडले की कांद्याचं कोण विचारतंय? 30 सप्टेंबर 2024 ला राज्य मंत्रिमंडळाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केलं, त्या संध्याकाळी निफाडहून धाकट्या भावाचा फोन आला.

“ताई, ऐकलं का? गाईला राज्यमाता केलं!”

“ऐकलं. जीआर वाचलास?”

“जीआर कशाला वाचायचा त्यात?”

त्यातच वाचायचा असतो. पदवी द्यायला तिजोरीतून दमडी जात नाही. पण त्याच बैठकीत गोशाळांतल्या देशी गाईंसाठी रोज 50 रुपये अनुदानाचाही निर्णय झाला होता. पदवीवर दोन दिवस टीव्हीवर आरडाओरडा झाला. 50 रुपये कोणत्या गोशाळेला, कधीपासून, कुणाच्या सहीने, हे विचारणारा आमच्या अख्ख्या ग्रुपवर एकही नव्हता. उजव्या पानावर भावाने स्वतःच सांगितलं ते लिहिलं: कांद्याचं निर्यातशुल्क 13 सप्टेंबरला 40 वरून 20 टक्क्यांवर आलंय, पण 20 आहेच (केंद्र). ते शून्यावर यायला 1 एप्रिल 2025 उजाडला.

आता पहिली तपासणी: जीआर, म्हणजे शासन निर्णय, कसा वाचायचा. राज्याच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारीख टाकली की सापडतो. प्रस्तावना सोडून द्या, तिथे वेदकाळापासून सगळं येतं. सरळ शेवटच्या पानावर जा. ‘वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये’ असं वाक्य आहे का बघा. असेल तर वित्त विभागाच्या टेबलावरून फाईल गेली आहे, म्हणजे पैशाचा विचार कुणीतरी केलाय. मग लेखाशीर्ष शोधा, खर्च कोणत्या खात्यातून टाकायचा त्याचा तो आकडा. खर्चाची घोषणा आहे आणि लेखाशीर्ष नाही, तर समजा वरात निघाली पण नवरदेवाचा पत्ता नाही. ‘तत्त्वतः मान्यता’ या दोन शब्दांखाली लाल रेघ मारा. तत्त्वतः मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग निधी वितरण, अशा पायऱ्या असतात, आणि बऱ्याच घोषणा पहिल्या पायरीवरच म्हाताऱ्या होतात. ‘समिती गठित करण्यात येत आहे’ असेल तर तिला मुदत दिली आहे का तेवढं बघायचं.

दुसरी तपासणी मला भाच्यामुळे सुचली. तो मँचेस्टरला असतो. ब्रिटनमधलं ऋषी सुनक यांचं सरकार 2023 मध्ये पार मेटाकुटीला आलं होतं. सरकारी दवाखान्यांत उपचारांची प्रतीक्षा यादी 75 लाखांच्या वर गेलेली. 20 सप्टेंबरला सुनक यांनी भाषण केलं आणि काय काय रद्द करतोय ते सांगितलं: मांसावरचा कर, गाडीत सक्तीने सोबती घेणं, कचऱ्याचे सात वेगवेगळे डबे. मी भाच्याला विचारलं, तुमच्याकडे सात डबे आहेत का रे? आमच्या घंटागाडीला ओला-सुका दोन सांभाळता नाकी नऊ येतात.

“मावशी, सात कुठले! मांसावर कर तरी कुठे होता?”

म्हणजे जे लागूच नव्हतं ते रद्द केलं. पण त्याच भाषणात एक खरा निर्णय होता: नव्या पेट्रोल-डिझेल गाड्यांची विक्री बंद करायची मुदत 2030 वरून 2035 वर ढकलली. मिसळीच्या तर्रीत मटकी शोधावी तसा तो शोधावा लागतो. म्हणून कोणी ‘अमक्याला बंदी’, ‘तमकं रद्द’ म्हटलं की विचारायचं, हे होतं कुठे? कुणी आणलं होतं, कोणत्या कागदावर? उत्तर नसेल तर त्या नोंदीपुढे फुली.

पुढच्याच महिन्यात सुनक यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं अधिवेशन मँचेस्टरला भरलं आणि तिथेच सुनक यांनी मँचेस्टरपर्यंत येणारी वेगवान रेल्वे रद्द केली. भाषणात पुरुष म्हणजे पुरुष आणि बाई म्हणजे बाई हेही ठणकावून झालं. भाचा रेल्वेच्या उजव्या पानावर अजून चिडलेला आहे.

तिसरी तपासणी खर्चाची. तिथे बोटींतून विनापरवाना येणाऱ्या स्थलांतरितांना आफ्रिकेतल्या रवांडाला पाठवायची योजना एप्रिल 2022 ची, बोरिस जॉन्सन यांच्या काळातली. नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली, तरी एप्रिल 2024 मध्ये नवा कायदा केला आणि मे महिन्यात निवडणूक जाहीर केली. सक्तीचं एकही विमान उडालं नाही. स्वतःहून गेले ते चार जण. नंतर आलेल्या सरकारने खर्च सांगितला 70 कोटी पौंड. आमच्या कचेरीत अशा फाईलवर लेखापरीक्षणाचा परिच्छेद निघाला असता आणि कारकुनाची वेतनवाढ रोखली असती.

आता उलट बाजू. प्रत्येक अस्मितेचा विषय पोकळ असतो असं धरून चाललात तर वही फुकट. जुलै 2023 मध्ये लंडनच्या पश्चिम टोकावरच्या अक्सब्रिजची पोटनिवडणूक सुनक यांच्या पक्षाने 495 मतांनी राखली, कारण विरोधी पक्षाच्या महापौरांच्या प्रदूषण शुल्कामुळे जुन्या गाडीवर रोज साडेबारा पौंड भरायची पाळी लोकांवर खरंच येणार होती. तो त्रास खरा होता. त्या एका जागेवरून ‘गाडीवाल्यांवर युद्ध’ असं देशभर ओरडणं, हे मात्र डाव्या पानावर जातं. लोकांचं दुखणं आणि पुढाऱ्याने त्याचा केलेला उपयोग यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवा.

पक्ष बघून शाई बदलू नका. कर्नाटकात काँग्रेसच्या सरकारने मार्च 2018 मध्ये राज्याचा वेगळा झेंडा दाखवला, त्याच महिन्यात लिंगायतांना वेगळ्या धर्माचा दर्जा द्यायची शिफारस केली, आणि मतदान 12 मे ला होतं.

वहीवरून निकाल सांगता येत नाही, पैजा लावू नका. कांद्याची निर्यातबंदी डिसेंबर 2023 पासून होती, ती 4 मे 2024 ला उठवली आणि 20 मे ला आमच्याकडे मतदान झालं. दिंडोरीत महायुतीच्या केंद्रीय मंत्री भारती पवार पडल्या. नोव्हेंबरात विधानसभेला तीच महायुती 288 पैकी 230 च्या वर जागा घेऊन आली. सुनक यांचा पक्ष 365 वरून 121 वर आला. लाडक्या बहिणीचे 1500 रुपये, लेखाशीर्षासकट, खात्यात पडत होते हेही वहीत आहे, आणि ते कोणत्या पानावर टाकायचं यावर माझं आणि भावाचं अजून जमलेलं नाही.

निकालानंतर वही माळ्यावर टाकू नका. तीनेक महिन्यांनी डाव्या पानावरच्या पैशाच्या नोंदी काढा आणि माहितीच्या अधिकारात अर्ज करा. साध्या कागदावर, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, त्या विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे. ‘का दिले नाहीत’ असं विचारलंत तर ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती’ म्हणून परत पाठवतील, मीच कितीतरी तसे पाठवलेत. असं लिहा: ‘दिनांक अमुकच्या शासन निर्णयानुसार नाशिक जिल्ह्यात आजअखेर वितरित झालेल्या निधीच्या आदेशांच्या प्रती मिळाव्यात.’ आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्तराला 30 दिवस. नाही आलं तर प्रथम अपील, त्याला 20 रुपयांचा स्टॅम्प लागतो.