कायद्याच्या निबंध स्पर्धेत उतरताय? आधी बघा, ते वाक्य बोलतंय कोण

माझ्या पहिल्या निबंधाच्या सातव्या पानावर 19 नंबरची फूटनोट होती आणि त्या एका फूटनोटने माझं अख्खं वर्ष खाल्लं. आधी तेच सांगते, बाकीचं मागाहून, कारण बाकीच्या चुकांनी दोन-चार मार्क जातात, पण ही चूक सापडली की परीक्षक पुढचं वाचायचंच सोडून देतात. आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला आजही वाटत नाही.

मी दापोली तालुक्यातली, हर्णैजवळची. लॉसाठी रत्नागिरीला रूम घेऊन राहिले. तिसऱ्या वर्षाला असताना पर्यावरण कायद्यावरची स्पर्धा आली आणि मी सीआरझेड, म्हणजे समुद्रकिनाऱ्यालगत काय बांधता येईल ते ठरवणारे नियम, घेतला, तोच घ्यायचा होता, आमच्या वाडीत सीआरझेड हा शब्द शाळेतल्या पोराला पण माहिती आहे कारण घराची भिंत पडली तरी आधी तोच आठवतो. 1991 चं नोटिफिकेशन, मग 2011 चं, मग 2019 चं, तिन्ही मी बसून वाचली होती. 2011 मध्ये ग्रामीण किनाऱ्याला भरतीरेषेपासून 200 मीटरचा ना-विकास पट्टा होता, 2019 मध्ये जिथे 2011 च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त माणसं राहतात अशा ग्रामीण भागासाठी तो 50 मीटरवर आणला आणि बाकीच्यांना 200 तसाच ठेवला. हे सगळं मला पाठ होतं. मेहनत कमी पडली म्हणून चूक झाली असं नाही, हे मुद्दाम सांगते, कारण 'आम्ही तर नीट अभ्यास करतो' म्हणणारी मुलंच यात जास्त अडकतात.

झालं असं की मच्छीमारांच्या पारंपरिक हक्कांवर मला एक दणदणीत वाक्य हवं होतं. रात्री मोबाईलवर इंडियन कानून ही निकाल शोधायची वेबसाईट उघडून इंग्रजीत चार शब्द टाकले, एका हायकोर्टाचा निकाल आला, शोधलेले शब्द ठळक होऊन समोर, आणि वाक्य तर असं की मीच लिहिलंय जणू: किनाऱ्यावरचा कोळ्यांचा वहिवाटीचा हक्क नोटिफिकेशनच्या आधीपासूनचा आहे आणि नोटिफिकेशनने तो काढून घेता येत नाही. मी ते उचललं, अवतरण चिन्हात टाकलं, खाली फूटनोट दिली, ब्लूबुक या संदर्भ लिहायच्या नियमपुस्तकाप्रमाणे स्वल्पविराम न् स्वल्पविराम तपासला, आणि वर लिहिलं की 'न्यायालयाने स्पष्ट शब्दांत म्हटलं आहे'.

निबंध पहिल्या दहात आला. शेवटची फेरी ऑनलाईन होती, दहा मिनिटं बोलायचं आणि मग प्रश्न. एका परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पान सात, फूटनोट एकोणीस. हे वाक्य कोण बोलतंय?" मी म्हटलं, माननीय उच्च न्यायालय. ते म्हणाले, "निकाल उघडा आणि दोन पॅरा वर जा." मी सगळ्यांसमोर वर गेले. दोन पॅरा वर लिहिलेलं होतं, लर्नेड काउन्सेल फॉर द पिटिशनर सबमिटेड दॅट. म्हणजे तो याचिकाकर्त्याच्या वकिलाचा युक्तिवाद होता. आणि खाली अकरा पॅरा सोडून कोर्टाने तोच युक्तिवाद फेटाळला होता. मी ज्या निकालाच्या जोरावर माझा मुद्दा उभा केला तो निकाल बरोबर माझ्या विरुद्ध होता.

त्यांनी आवाज चढवला नाही. "थँक यू" म्हणाले आणि पुढच्या मुलीला बोलावलं. माझी सहा मिनिटं शिल्लक होती.

आता हे नीट समजून घ्या, थोडं लांबवणार आहे. आपल्याकडचा निकाल म्हणजे एका माणसाचं भाषण नसतं. आधी हकीकत, मग याचिकाकर्त्याचं म्हणणं, मग समोरच्याचं म्हणणं, मग कलमं जशीच्या तशी, मग जुन्या निकालांतले दोन-दोन पानांचे उतारे, आणि हे सगळं झाल्यावर कुठेतरी कोर्ट स्वतः तोंड उघडतं. तिथे बहुतेक वेळा 'वी हॅव हर्ड' नाहीतर 'वी हॅव गिव्हन अवर ॲन्क्शस कन्सिडरेशन' असलं काहीतरी येतं, ती खूण ओळखायला शिका. आमच्या हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो, माझी आत्या तिथे बसते. सुरमईच्या एका ढिगावर पाच जण पाच आकडे ओरडतात, पण भाव कुठला तर ज्याच्यावर लिलाव तुटला तो. मधला कुणाचा तरी मोठा आकडा ऐकून घरी जाऊन सांगितलंत की आज सुरमई एवढ्याला गेली, तर ते खोटंच ना? आकडा ओरडला गेला होता हे खरं असलं तरी. मी नेमकं तेच केलं होतं.

आणि फक्त वकिलाच्या युक्तिवादापुरतं हे नाही. किनाऱ्यावर लिहिणारा प्रत्येक जण एस. जगन्नाथ विरुद्ध भारत सरकार हा 1996 चा निकाल घेतोच, सीआरझेडमधल्या कोळंबी प्रकल्पांचा. त्यात नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या अहवालातले उतारेच्या उतारे आहेत. ते वाक्य नीरीचं असतं, सुप्रीम कोर्टाचं नसतं, तुम्ही उचलताना तसं लिहायला हवं. संविधानाच्या मूलभूत चौकटीवरचा केशवानंद भारती घ्या, 13 न्यायाधीश, 11 वेगवेगळी मतपत्रं, निर्णय 7 विरुद्ध 6. त्यातलं एक वाक्य घेऊन 'कोर्ट म्हणालं' लिहिलंत तर कुठले न्यायाधीश, आणि ते सातातले की सहातले? आणीबाणीतल्या अटकांवरच्या एडीएम जबलपूर निकालात न्या. खन्नांचं मत सगळ्यांना आवडतं, मलाही, पण 1976 मध्ये ते चार विरुद्ध एक असं एकटं पडलेलं मत होतं, आणि बहुमताचा तो निकाल 2017 च्या पुट्टास्वामी या प्रायव्हसीच्या निकालात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने मोडीत काढला. या तीन गोष्टी एका वाक्यात नीट लिहिता आल्या तर परीक्षकाला लगेच कळतं की पोराने निकाल वाचलाय.

हेडनोटचं पण तसंच. हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, संपादक लिहितो, न्यायाधीश नाही. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक हा डिसेंबर 2007 चा निकाल वाचाल तर त्यात हा फरकच मध्यभागी आहे, निकालाचा मूळ मजकूर सगळ्यांचा आणि संपादकाने स्वतःच्या डोक्याने लिहिलेलं त्याचं. हेडनोटमधून कुठला निकाल वाचायचा ते ठरवा, पण त्यातलं वाक्य अवतरण चिन्हात टाकू नका. कधीच नाही.

मी आता काय करते ते सांगते. निकाल शेवटून वाचायला घेते. आधी आदेश, याचिका मंजूर की फेटाळली, मग तिथून वर. जो निकाल निबंधात खरंच वापरायचा असेल तो छापून घेते, कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे, आणि पेन्सिलने प्रत्येक पॅऱ्याच्या बाजूला एक अक्षर घालते. 'या' म्हणजे याचिकाकर्ता, 'प्र' म्हणजे प्रतिवादी, 'को' म्हणजे कोर्ट, 'उ' म्हणजे दुसरीकडचा उतारा. 'को' नसेल तिथून एक शब्द उचलायचा नाही, उचललाच तर कुणाचा ते वाक्यातच सांगायचं. साठ पानांच्या निकालाला एक संध्याकाळ जाते. जाऊ दे. 2023 पासून ई-एससीआर या वेबसाईटवर सुप्रीम कोर्टाचे अधिकृत निकाल फुकट मिळतात, न्यूट्रल सायटेशन, म्हणजे कोर्टाने स्वतःच निकालाला दिलेला नंबर, पण त्याच वर्षी सुरू झालं, त्यामुळे महागडं सबस्क्रिप्शन नाही म्हणून अडलंय हे कारण आता राहिलेलं नाही.

घाबरलात का? घाबरू नका. ही चूक एकदा डोळ्यासमोर आली की सहसा परत होत नाही, आणि पंधरा निकाल नीट वाचलेल्या मुलाला पन्नास निकाल चिकटवणाऱ्या मुलाची भीती बाळगायचं काहीच कारण नाही.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. सिनियरचा जुना निबंध घेऊन त्याच्या फूटनोटा जशाच्या तशा उतरवणं म्हणजे त्याच्या चुका स्वतःच्या नावावर घेणं. एआयला विचारून केस मागणं तर त्याहून वाईट. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात माता विरुद्ध अविआंका या प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निकाल दाखल केले, ते निकाल अस्तित्वातच नव्हते, 5000 डॉलरचा दंड झाला. ते तर वर्षानुवर्षं वकिली केलेले लोक होते. भाषा साफ करून घ्यायला वापरा हवं तर, स्पर्धेच्या नियमात बसत असेल तर, पण केस स्वतः उघडून बघितल्याशिवाय नाही. आणि ज्या स्पर्धेत फी भरली की प्रत्येकाला सर्टिफिकेट मिळतं आणि परीक्षकांची नावंच नाहीत, तिथे पैसे घालू नका. तेवढ्यात दोन निकाल छापून होतात.

मार्गदर्शक कोण निवडायचा यावर पण बोलते. माझ्या पडत्या काळात वेबिनार घेणाऱ्या कुणाचा उपयोग झाला नाही, उपयोग झाला तो तालुका कोर्टातल्या एका वकीलकाकांचा. त्यांचं इंग्रजी अडखळत, पण निकाल वाचायला बसले की बोट ओळीवर ठेवून वाचतात. हायकोर्टाच्या कामाला आधी मुंबई करायचे, ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं तेव्हापासून घाट चढून तिकडे जातात, आणि गाडीत पण हातात कागद. "बाय, हा परिच्छेद कोणाचा?" हे त्यांनी मला इतक्या वेळा विचारलं की आता मला ते आपोआप ऐकू येतं. असा माणूस तुमच्या गावात पण असेल. त्याच्याकडे लिंक्डइन नसेल, तरी जाऊन बसा.

विषयाचं. सगळे जण प्रायव्हसी आणि एआयवर लिहितात, तुम्ही पण लिहा, पण आपल्या घरात जे आहे ते इतरांकडे नाही हे विसरू नका. एका सातबाऱ्यावर चाळीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, आंब्याची कलमं एकाने लावलेली आणि जमीन सामाईक, कुळाने जमीन विकत घ्यायचं, कूळ कायद्याचं 32 ग चं प्रकरण आजोबांच्या काळापासून, हापूसला 2018 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तरी बाजारात त्याच नावाने भलताच आंबा विकला जातो. हे तुम्ही पुस्तकाशिवाय समजावून सांगू शकता. माझा दुसरा निबंध खोतीवर, म्हणजे कोकणातल्या खोतांच्या जमीनसारा वसुलीच्या जुन्या पद्धतीवर, होता. रायगडमधल्या चरी गावचा 1933 ते 1939 चा शेतकऱ्यांचा संप, 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात आणलेलं खोती रद्द करायचं विधेयक, मग 1949 चा कायदा, आणि त्यानंतरही नोंदी कशा अडकून राहिल्या. याला साहित्य शोधायला त्रास झाला पण कंटाळा एक दिवस पण आला नाही.

मराठी मीडियमवाल्यांनो, इंग्रजीला घाबरून थांबू नका. छोटी वाक्यं लिहा. 'हिअरइनबिफोर' वगैरे लिहून कुणी हुशार ठरत नाही, आणि मोठ्या वाक्यात क्रियापद हरवतं ते आपलंच.

बाकीचं पटापट. 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्याबद्दल लिहिताना जुन्या दंड संहितेतलं 302 (खून) आणि 420 (फसवणूक) लिहू नका, भारतीय न्याय संहितेत ते 103 आणि 318 आहे, पण जुना निकाल सांगताना जुनंच कलम ठेवा आणि नवं बाजूला द्या. शब्दमर्यादेत फूटनोट धरतात की नाही ते नियमात बघा, नसेल लिहिलेलं तर मेल करून विचारा. नाव न टाकता पाठवायचं असेल तर फाईलच्या प्रॉपर्टीजमधलं नाव पण काढा, तिथे लॅपटॉपच्या मालकाचं नाव बसलेलं असतं. आणि जुलै-ऑगस्टमधली डेडलाईन असेल तर एक दिवस आधी पाठवा, पावसात एकदा लाईट गेली की ती कधी येईल ते महावितरणला पण सांगता येत नाही, टॉवर पण मग तासाभरात बसतो.

पाठवून झाल्यावर चूक सापडली तर काय, हे मला बरेच जण विचारतात. लपवू नका. खोतीवरचा निबंध पाठवल्यावर रात्री पेन्सिलची अक्षरं परत बघताना मला एका ठिकाणी 'को'च्या जागी 'उ' हवा होता असं दिसलं, कोर्टाने जुन्या निकालातला उतारा दिला होता आणि मी तो कोर्टाचाच म्हणून घातला होता. अर्धा तास फोन हातात घेऊन बसले, मग आयोजकांना चार ओळींचा मेल टाकला, पान नंबर, फूटनोट नंबर, काय चुकलंय, काय हवं होतं. सकाळी उत्तर आलं की फाईल बदलता येणार नाही, पण तुमचा मेल परीक्षकांना देतो. त्या स्पर्धेत माझा तिसरा नंबर आला, आणि गुणपत्रकाच्या तळाशी हाताने लिहिलं होतं, 'दुरुस्तीची नोंद घेतली'.