‘उंटर डेन ब्र्युकेन’ पाहताना या चुका टाळा

दिग्दर्शक हेल्मुट कॉयटनर यांचा ‘उंटर डेन ब्र्युकेन’, म्हणजे ‘पुलांखाली’, हा जुना जर्मन प्रेमपट अनेक जण मोठ्या उत्सुकतेने लावतात आणि अर्ध्या तासात संथ म्हणून बंद करतात. चित्रपट संथ आहे हे खरेच. मात्र कंटाळ्याचे खापर दर वेळी त्याच्यावर फोडता येत नाही, कारण बराचसा कंटाळा तो ज्या रीतीने लावला जातो त्यातूनच आलेला असतो.

सर्वांत घातक चूक म्हणजे दीडपट वेगाने पाहणे. हेंड्रिक आणि विली या दोन मित्रांच्या बार्जला, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीला, स्वतःचे इंजिन नाही. दुसऱ्या बोटीने ओढून नेल्याशिवाय ती पुढे सरकत नाही, आणि कथेची चालही तिच्याच गतीने बेतलेली आहे. बार्जवर मुक्कामाला आलेल्या अन्ना या तरुणीला रात्रीच्या अनोळखी आवाजांनी झोप लागत नाही, तेव्हा हेंड्रिक तिला एकेक आवाज कशाचा आहे ते समजावून सांगतो. या प्रसंगात घडत असे काहीच नाही, तरीही दोघांमधले अंतर इथेच कमी होते, आणि तेही प्रेमाचा एक शब्द न उच्चारता. वेग वाढवला की दोन आवाजांमधली शांतता नाहीशी होते आणि उरते ती केवळ माहिती. हा प्रसंग मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणेही तितकेच व्यर्थ आहे. साधा हेडफोन लावला तरी पुष्कळ फरक पडतो.

दुसरी अडचण टीव्हीच्या सेटिंगची. चित्राची चौकट जवळपास ४:३ या प्रमाणात आहे, त्यामुळे पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसणारच. ते घालवण्यासाठी चित्र ताणले की माणसे बुटकी आणि रुंद दिसतात, आणि ‘झूम’ केले की वरचा-खालचा भाग कापला जातो. पुलाखालून जाताना कॅमेरा वर पाहतो अशा चित्रपटात हे नुकसान मोठे आहे. हालचाल गुळगुळीत करणारी सोयही (मोशन स्मूदिंग) बंद ठेवावी, कारण तिच्यामुळे चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो. टीव्हीत ‘फिल्ममेकर’ मोड असेल, तर तो निवडला की हे काम आपोआप होते.

उपशीर्षके सुरुवातीला जुळतात आणि पुढे पुढे सरकत जातात, ही तक्रार जुन्या युरोपीय चित्रपटांबाबत नेहमीची आहे. सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेमनी) चित्रित झालेला चित्रपट युरोपीय टीव्ही आणि डीव्हीडीसाठी २५ चौकटींनी चालवला जाई. फाइल एका वेगाची आणि उपशीर्षके दुसऱ्या वेगाची असली, तर तासाभरात सुमारे अडीच मिनिटांची तफावत पडते. अशा वेळी उपशीर्षके काही सेकंद मागेपुढे करून भागत नाही, त्यांचा वेगच बदलावा लागतो. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ट्रॅक सिंक्रोनायझेशनच्या पर्यायात ही सोय आहे.

यापलीकडची चूक अपेक्षेची आहे. चित्रण १९४४ चे, बर्लिन आणि पॉट्सडॅमच्या परिसरातले, म्हणजे बॉम्बहल्ल्यांच्या काळातले, हे कळल्यावर प्रेक्षक दर दृश्यात युद्ध शोधू लागतो आणि ते न सापडल्याने हिरमुसतो. सरकारी यंत्रणेच्या देखरेखीखाली, नाझी राजवटीच्या अखेरच्या काळात, युद्धाचा आणि सत्तेचा उल्लेखच न करणारी साध्या माणसांची गोष्ट रचली जाणे ही माझ्या मते या चित्रपटाची सर्वांत बोलकी बाजू आहे. अर्थात तिला थेट बंडखोरी म्हणणेही अतिशयोक्तीचे ठरेल. युद्ध संपण्याआधी तो चित्रपटगृहांत पोहोचलाच नाही; १९४६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नो चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि पश्चिम जर्मनीत १९५० मध्ये प्रदर्शित झाला.

खलनायकाचीही वाट पाहू नये. दोन्ही मित्रांचे अन्नावर मन जडते, पण हेंड्रिक साकारणारे कार्ल राडाट्स आणि विली साकारणारे गुस्ताफ क्नूट यांनी ही स्पर्धा इतकी अवघडलेली आणि सौजन्याची ठेवली आहे की भांडणाची अपेक्षा धरणाऱ्याला ती जाणवतही नाही. हानेलोरे श्रोट यांची अन्नाही फारसे बोलून दाखवत नाही, त्यामुळे तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवून मोबाइलमध्ये पाहिले की धागा सुटतो.

चित्रपट दीड तासाहून थोडा अधिक आहे. तो एका बैठकीत शक्य नसेल, तर वेळ पाहून कुठेही थांबू नये. विली बर्लिनमध्ये राहतो आणि हेंड्रिक बार्ज घेऊन पुढे निघतो, तिथे थांबलेले बरे.