नाण्यांच्या मोठ्या प्रदर्शनाला जाताना

नाण्यांच्या मोठ्या प्रदर्शनात नवखा संग्राहक बहुधा पहिल्या तासातच खिसा रिकामा करतो आणि उरलेला दिवस तेच नाणे पुढच्या टेबलांवर कमी भावात मांडलेले पाहत हिंडतो. हे टाळायचे असेल, तर घरून निघण्यापूर्वीच आपल्याला काय हवे आहे ते कागदावर लिहून काढावे आणि ते शक्य तितके नेमके लिहावे. ‘ब्रिटिश रुपये’ एवढ्याने भागत नाही. ‘जॉर्ज पाचवा, १९११ ते १९२२, आपल्याकडे नसलेली वर्षे’ असे लिहिले, तर पन्नास टेबलांसमोरून न थांबता पुढे सरकता येते. (त्यातला १९११चा रुपया ‘पिग रुपया’ म्हणून ओळखला जातो, कारण राजाच्या वस्त्रावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. तो घ्यायचाच असेल, तर आधी हत्तीची सोंड नीट पाहून घ्यावी.) नजर तयार व्हावी म्हणून मुंबईतले रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय किंवा नाशिकजवळच्या अंजनेरीतल्या नाणकशास्त्र संस्थेचे संग्रहालय आधी एकदा पाहून यावे, कारण अस्सल नाणी डोळ्यांखालून गेलेली असली की नकली नाणे समोर येताच मन अडखळते.

सोबत दहापट मोठे दाखवणारे भिंग, खिशात मावणारा वजनकाटा आणि लहान टॉर्च असावा. सभागृहातल्या झगझगीत दिव्यांवर विसंबून राहू नये. पहिली फेरी फक्त पाहण्याची ठेवावी आणि टेबलाचा क्रमांक व सांगितलेला भाव टिपून घ्यावा. एकमेव आणि खरोखर दुर्मीळ नाणे दिसले, तरच हा नियम मोडावा.

नाणे हातात घेण्यापूर्वी विक्रेत्याला विचारावे, ते कडेने धरावे आणि टेबलापासून फार वर उचलू नये. अंगठ्याने पुसण्याचा मोह तर कटाक्षाने आवरावा. व्हिक्टोरियाच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅमच्या आसपास, वापरलेला असल्यास किंचित कमी भरते. ते जास्त भरले, तर संशय घ्यावा. हे रुपये कडी लावून माळेत ओवले जात असत, म्हणून राणीच्या डोक्यावरच्या बाजूची कड भिंगाखाली फिरवून पाहावी. तिथे डाखाचा डाग किंवा कानस मारल्याची खूण आढळली, तर नाणे अस्सल असले तरी त्याचा भाव बराच उतरतो.

शिवराईच्या बाबतीत वजनकाट्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण हाताने पाडलेल्या या तांब्याच्या नाण्यांचे वजन मुळातच एकसारखे नसते. ठसा बहुधा नाण्यापेक्षा मोठा असल्याने ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपती’ ही अक्षरे पुष्कळदा अर्धवटच उमटलेली दिसतात. एकदा सगळी अक्षरे पूर्ण उमटलेली शिवराई मी हरखून जाऊन घेतली आणि घरी खिडकीजवळ धरल्यावर तिच्या कडेभोवती साच्याचा बारीक सांधा दिसला. नाणे ओतीव होते, म्हणजे ठशाने पाडलेले नसून साच्यात ओतलेले नकली होते. पृष्ठभागावरचे सुईच्या टोकाएवढे खड्डेही तेव्हाच ध्यानात आले. तेव्हापासून मी आधी कड पाहतो आणि मगच अक्षरे वाचतो.

घासाघीस करण्यात गैर काही नाही, पण शेजारच्या ग्राहकाचा सौदा चालू असताना मध्ये तोंड घालू नये. एकाच टेबलावरून तीन-चार नाणी घेऊन ‘एकत्र किती लावाल?’ असे विचारले, तर भाव लवकर खाली येतो, आणि शेवटच्या दिवशी दुपारनंतर माल परत बांधून नेण्याचा कंटाळा आलेले विक्रेतेही बरेच नरमतात. प्रदर्शनासोबत लिलाव असल्यास लॉट (बोलीसाठी मांडलेली नाणी किंवा त्यांचे गट) आधी प्रत्यक्ष पाहावेत आणि आपल्या बोलीची मर्यादा ठरवताना त्यावर चढणारे कमिशन व जीएसटी धरावे. बिल मागून घ्यावे. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. परदेशातून आलेल्या आप्तांना सोबत नेत असाल, तर १०० वर्षांहून जुनी नाणी १९७२च्या पुरावस्तू कायद्यामुळे देशाबाहेर नेता येत नाहीत, हे त्यांना खरेदीपूर्वीच सांगावे.

घरी आल्यावर त्याच रात्री नाणी मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून बाहेर काढावीत, कारण त्यांत राहिलेल्या तांब्यावर कालांतराने हिरवा चिकट थर चढतो, आणि प्रत्येक नाण्यासोबत तारीख, विक्रेता, किंमत व वजन लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.