पुढचा शॉकअप अपग्रेड करताय? खर्च करायच्या आधी या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही जावा, हिमालयन आणि एक्सपल्स या बाईक आता गल्लोगल्ली दिसतात आणि चार रायडर चहाला जमले की त्यातला एक तरी म्हणतोच, "पुढचा शॉकअप लई मऊ आहे गा, बदलायचाय." त्याचंही चूक नाही. पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा म्हणजे पावसानंतर खड्डे आणि लाल चिखल, पूर्वेला गोकाक-सौंदत्तीकडं काळ्या मातीचा चिकट राडा, आणि मध्ये ऊसाच्या ट्रेलरांनी कडा मोडलेले गावचे रस्ते. पण शॉकअप मऊ आहे म्हणजे नेमकं काय, हे न बघताच लोक ऑनलाईन ऑर्डर टाकतात आणि मग पैसे जाऊन गाडी पहिल्यापेक्षा वाईट चालते. घाटात आपला सगळा भरवसा पुढच्या चाकावर असतो, म्हणून हे जरा तपशीलात सांगतो.

सॅग न मोजताच पार्ट मागवणं

सगळ्या चुकांची आई हीच. तुमच्या वजनानं फोर्क (पुढच्या शॉकअपचे दोन पाय) किती खाली बसतो तो सॅग, आणि तो मोजायला टेप आणि एक मित्र एवढंच लागतं. हिमालयन ४११ ला ४१ मिमीचा फोर्क आणि २०० मिमी ट्रॅव्हल (चाकाला वर-खाली हलायची जागा) आहे, तर साधारण तीस टक्के म्हणजे ६० मिमीच्या आसपास सॅग यायला हवा. पुढचं चाक पूर्ण हवेत घ्या (सेंटर स्टँड असेल तर सोपं), डस्ट सीलपासून (पाईपवर माती अडवणारं रबर) खालच्या टीपर्यंत (दोन्ही पाय धरून ठेवणारा कंस) अंतर मोजा, मग जॅकेट, बूट, टँकबॅग, जे नेहमी घालता-लावता ते सगळं घेऊन गाडीवर बसा आणि परत मोजा. दोन्हीतला फरक म्हणजे तुमचा सॅग. फोर्क जरा अडकत हलतो म्हणून एकदा गाडी खाली दाबून हळूच सोडल्यावर मोजायचं, एकदा पुढून उचलून हळूच सोडल्यावर मोजायचं आणि सरासरी धरायची. या दोन मापांत खूपच फरक आला तर फोर्क कुठंतरी घासतोय, तिथं नवीन स्प्रिंग टाकून काही होणार नाही, आधी घासणं काढायला पाहिजे.

आणि मोजायच्या आधी टायरची हवा आणि कोनसेट (हँडलाचं बेअरिंग) बघून घ्या. पुढचा ब्रेक दाबून गाडी मागं-पुढं हलवल्यावर हँडलाखाली टकटक आली तर ती बहुतेक कोनसेटची असते, पण लोक फोर्क खोलून बसतात.

प्रीलोड वाढवला म्हणजे स्प्रिंग कडक झाली, हा समज

नाही होत. प्रीलोड म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीय ते, त्यानं फक्त गाडी किती उंचीवर उभी राहते ते बदलतं. साध्या स्प्रिंगमध्ये पुढचा प्रत्येक मिलिमीटर दाबायला जेवढी ताकद आधी लागत होती तेवढीच नंतरही लागते. पंचाण्णव किलोचा माणूस आणि मागं दोन पॅनिअर (सामानाच्या पेट्या) असतील आणि प्रीलोड पूर्ण फिरवूनही सॅग ऐंशी मिमीच्या खाली येत नसेल, तर स्प्रिंगच त्या वजनाची पाहिजे. उलट साठ किलोच्या पोरानं "हेवी ड्युटी" बघून कडक स्प्रिंग टाकली की फोर्क अर्धाच वापरला जातो, चाक खड्ड्यात उतरायच्या ऐवजी वरून उड्या मारतं आणि ग्रिप जाते. म्हणून स्प्रिंग मागवताना सामानासकट वजन सांगा आणि रेट (स्प्रिंग एक मिमी दाबायला लागणारी ताकद) न्यूटन पर मिमीमध्ये विचारा. ज्याला तो आकडा सांगता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

जाड ऑइल घातलं की झालं

आपल्या भागातला सगळ्यात लाडका उपाय हाच. "वीसचं ऑइल टाक, कडक होतंय बघ." काही ठिकाणी तर इंजिनचं उरलेलं ट्वेंटी-फिफ्टीच ओततात, ते तर अजिबात नको, ते ऑइल या कामासाठी बनलेलंच नाही. गाडी स्टँडवरून उतरवून हँडल दाबून बघितलं की खरंच कडक लागते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. भानगड पुढं होते.

साध्या फोर्कमध्ये, म्हणजे डँपिंग रॉडवाल्या (आत भोकांची नळी असलेल्या), ऑइल ठराविक भोकांतून जातं. हळू दाबलं तर ते निवांत जातं, पण चाक अचानक वर आलं, जसं गावच्या तोंडाशी न रंगवलेल्या स्पीडब्रेकरवर येतं, तर त्याच भोकातून तेवढंच ऑइल क्षणात जायला पाहिजे. वेग दुप्पट झाला की अडथळा साधारण चौपट होतो. जाड ऑइलनं तिथं फोर्क जवळजवळ लॉक होतो आणि सगळा दणका मनगटात येतो. आणि परत वर यायलाही तो वेळ लावतो, त्यामुळं खडबडीत पट्ट्यावर एकामागून एक खड्डे आले की पहिल्यातून वर यायच्या आत दुसरा येतो, मग तिसरा, आणि फोर्क खाली-खालीच बसत जातो. रायडरला वाटतं शॉकअप मऊ आहे, म्हणून तो आणखी जाड ऑइल घालतो. या चक्रात बरेच जण फिरतायत.

म्हणून आधी वजनाला बरोबर स्प्रिंग, मग कंपनीनं सांगितलेलंच ऑइल. त्यानंतरही गरज वाटली तर एकच पायरी वर जा. आणि एका ब्रँडचं दहा डब्ल्यू आणि दुसऱ्याचं दहा डब्ल्यू सारखंच पातळ असेल असं नाही, त्यामुळं अर्धी बाटली याची अर्धी त्याची असं करू नका. डब्याच्या माहितीपत्रकात ४० डिग्रीला सेंटिस्टोक किती ते दिलेलं असतं, तुलना त्या आकड्यानं करायची.

बऱ्याच गाड्यांचा खरा आजार तर जुनं ऑइलच असतो. शोरूममधून आल्यापासून बदललेलंच नसतं, काढलं की काळपट आणि वास मारणारं निघतं. नुसतं ते बदलून पाईप धुतले की निम्म्या लोकांची तक्रार तिथंच संपते, म्हणून किट मागवायच्या आधी हे एकदा करून बघाच.

ऑइल मिलीमध्ये मोजून ओतणं

सर्व्हिसमध्ये थोडं जुनं ऑइल आत राहतंच, त्यामुळं मिलीचा आकडा फसवतो. स्प्रिंग बाहेर काढा, फोर्क पूर्ण दाबा, चार-पाच वेळा हळू पंप करून हवा काढा आणि पाईपच्या वरच्या कडेपासून ऑइलपर्यंतचं अंतर मोजा. तीच एअर गॅप. मोठ्या सिरिंजला नळी लावून, नळीवर तेवढ्या अंतराची खूण करून, वरचं जास्तीचं ऑइल ओढून घेतलं की दोन्ही पाय एकदम सारखे येतात. मेडिकलमध्ये सिरिंज मिळते, तेवढ्यासाठी महागडं टूल नको. गॅप कमी केली तर ट्रॅव्हलच्या शेवटच्या भागात फोर्क कडक होतो, खड्ड्यात खटकन तळाला लागत असेल तर पाच-पाच मिमीनं कमी करत बघता येतं. पण हद्द ओलांडली की सील फुटतात. दोन्ही पायांचं काम वेगळं असणारे फोर्कही असतात, एकात कॉम्प्रेशन (दबणं) दुसऱ्यात रिबाउंड (परत वर येणं), तिथं मॅन्युअल बघूनच हात घाला.

इम्युलेटर टाकला पण स्पेसर तोच

साध्या फोर्कला कार्ट्रिजसारखं (आत व्हॉल्व असलेल्या फोर्कसारखं) वागायला लावायचं तर इम्युलेटर, म्हणजे एक छोटा व्हॉल्व, चांगली वस्तू आहे, मी तरी अख्खा फोर्क बदलण्यापेक्षा हाच रस्ता सांगेन. तो डँपिंग रॉडच्या डोक्यावर बसतो आणि वरून स्प्रिंग त्याला दाबून धरते. म्हणजे त्याच्या उंचीइतकी स्प्रिंग वर सरकते, मग वरचा स्पेसर (स्प्रिंगवर बसणारा नळीचा तुकडा) तेवढाच कापायला नको का? बरेच जण कापत नाहीत. प्रीलोड भलताच वाढतो, सॅग गायब होतो आणि प्रत्येक उंचवट्यानंतर फोर्क वर जाऊन ठक्क आवाज करतो. मग म्हणतात इम्युलेटर फालतू.

स्पेसर हॅकसॉनं तिरका कापू नका, वाकडा बसला की स्प्रिंग पाईपला घासते. बेळगावकरांना तर उद्यमबाग औद्योगिक वसाहत घराशेजारी आहे, लेथवर दोन्ही तोंडं काटकोनात फेस करून घ्यायची आणि कडांची बर काढून घ्यायची. आणि रॉडला जास्तीची भोकं पाडावी लागतात, ती परत बुजत नाहीत, म्हणून आधी एक स्पेअर रॉड घेऊन ठेवा आणि भोकं त्यालाच पाडा.

दिसायला भारी म्हणून दुसऱ्या गाडीचा यूएसडी

ड्यूकचा यूएसडी, म्हणजे उलटा (जाड भाग वर असलेला), फोर्क हिमालयन किंवा एक्सपल्सला बसवायची हौस बऱ्याच जणांना असते. ३९० ड्यूकचं ट्रॅव्हल दीडशे मिमीच्या आसपास आणि तो १७ इंची चाकासाठी बनलाय, तुमचं चाक २१ इंची. म्हणजे पैसे देऊन ट्रॅव्हल कमी केलं. त्यात टीचा ऑफसेट (फोर्क किती पुढं धरलाय ते अंतर) वेगळा, त्यामुळं ट्रेल (हँडल सरळ राहायला कारण असलेलं पुढच्या चाकाचं माप) बदलतं आणि वंटमुरी घाट उतरताना हायवेच्या वेगात हँडल कसं वागेल हे कुणीच सांगू शकत नाही. तरी करायचंच असेल तर स्प्रिंग काढून फोर्क पूर्ण दाबा आणि चाक मडगार्डला, ऑइल कूलरला, खालच्या टीला कुठं लागतंय का ते बघा. मग हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून ब्रेक पाईप आणि एबीएसची वायर ताणते का, पाईप टाकीला लागतो का, तेही बघा.

लांब फोर्क लावायचा तर मागचंही बघायला लागतं. हिरोनं एक्सपल्सचं रॅली किट काढलं तेव्हा पुढं ट्रॅव्हल १९० चं २५० मिमी केलं आणि मागं १७० चं २२० केलं, शिवाय साइड स्टँडही लांब दिला. कंपनीलाच दोन्ही टोकं उचलावी लागली, मग नुसतं पुढचं उचलून गाडी सरळ कशी चालेल?

बसवतानाची घाई

इथं चांगले पार्टही वाया जातात. एक्सल (चाकाचा दांडा) टाकला, सगळे बोल्ट एकदम आवळले की दोन्ही पाय एकमेकांकडं ओढले जातात आणि फोर्क अडकत चालतो. आधी एक्सलचा नट टॉर्कला आवळा, पिंच बोल्ट (पायाच्या तळाशी एक्सल आवळून धरणारे) ढिले ठेवा, गाडी जमिनीवर घेऊन पुढचा ब्रेक धरून फोर्क जोरात पंप करा म्हणजे पाय आपोआप जागेवर येतो, आणि मग पिंच बोल्ट. टीमधून दोन्ही पाईप किती वर आलेत ते स्केलनं बघा. टीच्या बोल्टला इम्पॅक्ट गन लावू देऊ नका, जास्त आवळलं तर पाईप दबतो.

सीलचं म्हणाल तर आपल्याकडचा लाल चिखल सुकला की त्याची बारीक पूड डस्ट सीलच्या आत जाते आणि ऑइल गळायला लागतं. सील लगेच बदलू नका. जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी कापा, टोकाला छोटा आकडा करा, डस्ट सील खाली सरकवून ती पट्टी ऑइल सीलच्या ओठाखाली घालून गोल फिरवा, माती बाहेर येते आणि बऱ्याचदा गळती थांबते. पाईपवर गंजाचे खड्डे असतील तर मात्र कितीही सील बदला, ते फाटणारच. आणि गळलेलं ऑइल ब्रेक पॅडवर गेलं असेल तर पॅड नवीनच टाका, घासून पुसून वापरू नका. वॉशिंगवाल्याला प्रेशर गन सीलवर थेट मारू नको म्हणून सांगा.

पासिंगचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असे बदल चालत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. कायदा केंद्राचा, त्यामुळं केए-२२ ची (बेळगाव पासिंगची) गाडी आंबोलीत असो की गोव्यात, नियम तोच. अख्खा फोर्क बदलायचा विचार असेल तर आधी आरटीओत आणि विमा कंपनीला लेखी विचारा. जुना फोर्क, स्प्रिंग, स्पेसर विकून टाकू नका, बिलासकट नीट बांधून ठेवा, वॉरंटीच्या वेळी किंवा गाडी विकताना ते लागतात.