आकाशात वेगाचे आकडे बिघडले तर वैमानिकाने काय करावे

कराडच्या धावपट्टीवर विमान शिकायला येणाऱ्या मुलांना सुरुवातीलाच पंखाखालची पिटो नळी दाखवतात. समोरून तिच्यात शिरणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग कळतो. कुंभारीण माशी अशा भोकात मातीचं घर बांधते, म्हणून विमान उभं असताना नळीवर लाल फितीचं आवरण घालतात. ३५ हजार फुटांवर माशी नसते, पण बर्फाचे बारीक कण असतात. नळीला हीटर असला तरी दाट ढगात तो कधीकधी कमी पडतो, नळी बुजते आणि वेगाचा आकडा चुकतो.

पहिलं काम ओळखण्याचं. दोन्ही वैमानिकांचे आणि राखीव असे वेगाचे तीन आकडे ताडून पाहा. नाक आणि इंजिनाचा जोर होता तसाच असताना वेग एकदम कोसळला, तर शंका आकड्यावर घ्यावी.

मग ऑटोपायलट, ऑटोथ्रॉटल (इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारं यंत्र) आणि फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे धरायचं ते पडद्यावर दाखवणाऱ्या रेषा) बंद. हे तिघंही चुकीच्या वेगामागे धावू शकतात. विमान कोण उडवतंय ते मोठ्याने बोलून ठरवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: नाकाचा कोन आणि इंजिनाचा जोर. हे दोन बरोबर असतील तर वेग बरोबरच राहतो, काटा काहीही दाखवो. बोईंग ७३७-८०० ला फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा) आत असताना नाक ४ अंश वर आणि ७५ टक्के एन-वन (इंजिनाच्या पुढच्या पंख्याचा वेग, म्हणजेच जोराचं माप) हे आकडे तोंडपाठ असावे लागतात. त्यानंतर चेकलिस्ट उघडून वजन आणि उंचीप्रमाणे तक्त्यातले नेमके आकडे लावायचे.

घाईने नाक वर ओढू नका. रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्स ४४७ या विमानात १ जून २००९ ला नळ्या गोठल्या आणि ऑटोपायलट सुटला. चुकीचे आकडे मिनिटभरही टिकले नव्हते. पण नाक वर ओढलं गेलं, विमान ३८ हजार फुटांपर्यंत चढलं आणि स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल सुटून, समुद्रात पडलं. २२८ माणसं गेली. तो वैमानिक काहीच न करता कोन धरून बसला असता तर, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

स्टॉलचा इशारा वाजला तर तो खराच माना आणि नाक खाली करा. तो इशारा पिटोवर नव्हे, हवेचा कोन मोजणाऱ्या वेगळ्या पात्यावर चालतो.

विमान स्थिर झालं की जीपीएसचा जमिनीवरचा वेग पाहा, वाऱ्याचा हिशेब धरा, जमिनीवरच्या हवाई वाहतूक कंट्रोलला कळवा आणि ढगाबाहेर पडा. उंचीचीही शंका असेल तर कंट्रोलला उंची विचारून भागत नाही, कारण त्यांच्या पडद्यावरचा आकडा आपल्याच यंत्राने पाठवलेला असतो. तेव्हा जीपीएसची उंची बघा. वेगाचे किमान दोन आकडे एकमेकांशी आणि तक्त्याशी जुळेपर्यंत ऑटोपायलट पुन्हा लावू नका.