गुहेत नातवंडांना नेताय? आधी शू!

सुट्टी जवळ आली की ओळखीतल्या कुणा ना कुणा आजी-आजोबांचा फोन येतो. आमच्यासारखंच घर विकून आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायला लागलेले. ‘नातवंडं येणार आहेत, अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातली कार्ल्सबॅडची गुहा दाखवायचीय, काय काय लागेल?’ मी सगळं सांगते. ते ‘हो हो’ म्हणतात आणि महिन्याभराने नेमक्या त्याच फजित्या मला हसत ऐकवतात. म्हणून आता एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात महागात पडणारी चूक शूची. हसू नका. गुहेच्या नैसर्गिक तोंडातून चालत उतरायची वाट सव्वा मैलाची, म्हणजे दोन किलोमीटर, आणि तेवढ्यात ७५० फूट खाली जायचं. संडास आहे तो थेट तळाशी, लिफ्टजवळ. मधे काही नाही.

तेव्हा नात नऊ वर्षांची होती, नातू पाच. वर व्हिजिटर सेंटरमध्ये मी विचारलं, ‘शूला जायचंय?’ दोघंही ‘नाही’ म्हणाले आणि मी ते खरं मानलं. दोन मुलं वाढवलेली बाई मी, तरी मानलं! गुहेच्या तोंडाशी पाकोळ्या भिरभिरत होत्या, वटवाघळांच्या विष्ठेचा उग्र वास येत होता, पोरं खूश. वळणावळणाने अर्ध्यावर उतरलो, मागचा उजेड संपला आणि नातू जागच्या जागी थांबला. ‘आजी, शू.’

वर जावं तर उभा चढ, खाली अजून तेवढंच उतरायचं. ‘कोपऱ्यात करू दे, कोण बघतंय,’ असं आजोबांच्या तोंडून निघालं. मी डोळे वटारले. रस्त्याकडेला गाडी थांबवून पोरांना बसवायची आपली सवय इथे कामाची नाही. गुहेत पाऊस पडत नाही, काही धुऊन जात नाही. शेवटी आजोबांनी त्याला पाठुंगळी घेतलं आणि ओल्या उतारावरून जवळजवळ पळत नेलं. पोहोचले वेळेत. पण दुसऱ्या दिवशी त्यांचा गुडघा नारळाएवढा सुजला. आमच्याकडे गाडी मी चालवते. नळ्या जोडणं-काढणं हे त्यांचं खातं. ते खातं चार दिवस माझ्याकडे आलं. नातवाची शू वाचवण्यापायी चौघांची ब्लॅक टँक, म्हणजे आरव्हीतल्या संडासाची टाकी, दोनदा मी रिकामी केली!

आता मी विचारत नाही. विचारलं की ‘नाही’च म्हणतात. सरळ रांग लावते, आजोबांसकट.

दुसरी चूक बुटांची, आणि ती खास आमच्या जमातीची. आरव्हीत दाराशी एकच खोका, त्यात सगळ्यांचे बूट. आम्ही त्या वर्षी अ‍ॅरिझोनातली कार्चनर कॅव्हर्न्स ही गुहा बघून आलो होतो. कार्ल्सबॅडला खाली जाण्याआधी रेंजरने विचारलं, ‘दुसऱ्या कुठल्या गुहेत जाऊन आलात का?’ नात अभिमानाने म्हणाली, ‘हो, हेच बूट घालून!’ झालं. अमेरिकेत २००६ पासून वटवाघळांमध्ये व्हाइट-नोझ सिंड्रोम हा बुरशीचा रोग दिसतोय. त्यात लाखो वटवाघळं मेली. माणसाला त्याने काही होत नाही, पण बुरशी आपल्या बुटा-कपड्यांवरून एका गुहेतून दुसरीत जाऊ शकते. म्हणून एका गुहेत वापरलेलं दुसऱ्या गुहेत घालायचं नाही. आरव्हीपर्यंत उन्हात तंगडतोड करून सगळ्यांचे दुसरे बूट आणले. माझा उपाय: गुहेतून बाहेर आलं की बूट, जॅकेट, टोप्या एका पिशवीत, पिशवीवर गुहेचं नाव, आणि पिशवी गाडीच्या पोटातल्या कप्प्यात. धुतलं असलं तरी वेगळंच. ‘पुसून घेतलं की चालतं हो’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना बरोबर घेत नाही.

घड्याळ. गुहेत जायला आधी ठरावीक वेळेचं आरक्षण लागतं. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, न्यू मेक्सिको करतं. तिकडून आलात आणि मायक्रोवेव्हवरचं घड्याळ तसंच राहिलं, की तुम्ही एक तास उशिरा. फोनवर विसंबू नका, त्या भागात रेंजचा भरवसा नाही.

बाहेर भाजून काढणारं ऊन, आत ५६ अंश फॅरनहाइट, म्हणजे जेमतेम १३ सेल्सियस. स्वेटर घ्या. क्रॉक्स नको. बाबागाडी आत नेता येत नाही. वाटेवर फक्त साधं पाणी चालतं. चिवड्याची पुडी खिशात ठेवू नका, सांडलेल्या कणांच्या वासाने वरचे प्राणी आत येतात. लवणस्तंभांना हात नको, हाताच्या तेलाने त्यांचा रंग बिघडतो. आणि डबक्यात नाणी टाकू नका, गंगा नाही ती.

राहायची जागाही आधी धरा. गुहेच्या राष्ट्रीय उद्यानात आरव्हीला मुक्काम नाही आणि आजूबाजूचे आरव्ही पार्क तेलविहिरींवरच्या कामगारांनी भरलेले असतात. गंमत अशी की गुहाही त्याच तेलाची देणगी. खालच्या तेल-वायूच्या साठ्यांतून हायड्रोजन सल्फाइड वर आला, पाण्यातल्या ऑक्सिजनशी मिसळून त्याचं सल्फ्युरिक आम्ल झालं आणि त्याने चुनखडी खाल्ली. नातीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे दगडाला अ‍ॅसिडिटी!’

आता लिफ्ट. गुडघे दुखत असतील तर खुशाल लिफ्टने जा, लाज कसली. पण लिफ्टने खाली, बिग रूममध्ये, म्हणजे तळाच्या मोठ्या दालनात, अर्धी फेरी, चार फोटो आणि लिफ्टने वर, असं धडधाकट पोरांना फिरवणारे बघितले की माझा जीव तुटतो. उजेड हळूहळू विझत जातो तीच तर गुहा. पाच वर्षांपर्यंतचं मूल असेल तर मात्र लिफ्टच बरी, आमच्यासारखा हट्ट नको. आणि सकाळी लिफ्ट चालू आहे ना, ते विचारून घ्या. ती अधूनमधून बंद असते, मग उतरलेलं सगळं चढून यावं लागतं.

गुहा बघून झाली की लगेच गाडी सुरू करणारेही तसलेच घाईचे. उन्हाळ्यात संध्याकाळी तोंडाशी दगडी पायऱ्यांवर बसायचं, वटवाघळं बाहेर पडतात. फोन-कॅमेरा बंद ठेवावा लागतो. मागच्या जूनमध्ये नातू तोंड उघडं टाकून वर बघत बसला होता. सगळं संपल्यावर मी त्याला रांगेत उभं केलं.