घोडा धडधाकट आहे का, हे कसे ओळखावे?

वरातीसाठी घोडी ठरवायची असो की मुलाला घोडेस्वारी शिकायला पाठवायचे असो, जनावर आधी उघड्या अंगाने बघून घ्या. झूल, आरसे, गोंडे चढले की निम्म्या खुणा झाकल्या जातात. एखादा मालक झूल काढायला का-कू करू लागला, तर मी तरी दुसरीकडे चौकशी करेन.

सुरुवात लांबूनच करा. कान हलते हवेत, आल्यागेल्याकडे लक्ष हवे. मागचा एक पाय सैल सोडून उभा असेल तर तो विसावा घेतोय. पुढचा पाय मात्र सारखा पुढे काढून त्यावरचा भार टाळत असेल, तर पाय दुखतोय.

मग मालकाला विचारून खांद्याच्या बाजूने जवळ जा, मागून नको. पोटाच्या घेरावर भुलू नका. निकस वैरण खाणाऱ्या किंवा जंत झालेल्या घोड्याचेही पोट सुटलेले असते. बरगड्यांवरून तळवा फिरवा. त्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हाताला सहज लागाव्यात. कणा वर आलेला नको, पुठ्ठे भरलेले हवेत. अशाच चाचपणीवरून अमेरिकेतले संशोधक हेनेके यांनी १९८३ मध्ये १ ते ९ गुणांची मोजपट्टी मांडली; त्यात ५ च्या आसपासचा घोडा उत्तम. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरच्या घोड्याच्या शेवटच्या बरगड्या पुसट दिसल्या, तर ती उपासमार नव्हे.

ओठ मालकालाच उचलायला सांगा. हिरडी ओली, गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडल्यावर उठलेला पांढरा ठसा दोन सेकंदांत पुसला जावा. विसाव्यात मिनिटाला ८ ते १६ श्वास आणि २८ ते ४४ ठोके ठीक. आपल्याकडच्या दमट उकाड्यात काही घोड्यांना घाम येणेच बंद होते. मेहनतीनंतर अंग कोरडे आणि धाप थांबत नाही, असे दिसले तर त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता आणि डॉक्टरांना बोलवा.

लीद बघायला लाजू नका. गोळे ओलसर, जमिनीवर पडताच फुटणारे हवेत. त्यात अख्खे दाणे खूप दिसले तर दात तपासून घ्यायला हवेत. लीद बंद, घोडा वळून पोटाकडे बघतोय, पाय आपटतोय, लोळतोय, तर पोटशूळ समजा आणि वेळ न घालवता डॉक्टर गाठा. मुंबईत परळचे बैलघोडा रुग्णालय जनावरांसाठीच आहे.

खाण्याची चौकशीही करा. ४०० किलोच्या घोड्याला रोज ६ ते ८ किलो कोरडी वैरण लागते, चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, त्यावरची. नुसत्या चंदीवर ठेवलेल्या घोड्याचे पोट बिघडते. पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पावसाळ्यात वैरण हुंगून बघा, बुरशीचा वास नको. चौपाटीवर वाळूतच चारा टाकत असतील तर वाळू पोटात साचते, तीही पोटशूळाला कारण होते.

शेवटी खूर. भेगा नकोत, तळाला काळा, घाणेरड्या वासाचा चिखल नको. ओल्या तबेल्यात हा त्रास हमखास होतो. नालबंद कधी आला होता, तेही विचारा. सहा ते आठ आठवड्यांपेक्षा जास्त दिवस झाले असतील तर आधी त्याला बोलवायला सांगा, मग स्वारीचे ठरवा.